महिनोन्महिने उभ्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून: मुंबईतल्या गाडीवाल्यांसाठी

मुंबईत गाडी दोन-चार महिने उभी ठेवायची वेळ अनेकांवर येते. बोटीवर नोकरी करणारा माणूस सहा-सहा महिने घरी नसतो, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जातं, कुणाची दुसरी गाडी फक्त गावाला जायचं असेल तेव्हाच बाहेर पडते. एवढ्या काळात बॅटरी उतरते, टायरची हवा कमी होते. पण ते निस्तरायला अर्धा दिवस पुरतो. उंदरांनी वायरिंग कुरतडलं असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, मागवावा लागतो आणि ब्लोअरमध्ये, म्हणजे एसीच्या पंख्यात, घरटं झालं असेल तर वास महिनाभर जात नाही.

आजूबाजूचे उंदीर संपवणं एका गाडीमालकाच्या हातात नाही. गटारं, कचऱ्याचे डबे, कबुतरांना टाकलेले दाणे, कंपाउंडच्या भिंतीखालची बिळं हे सगळं राहणारच आहे. हातात आहे ती फक्त आपली गाडी. तिच्यात खायला काही नसावं, सहा मिलिमीटरहून मोठी उघडी वाट केबिनपर्यंत जाऊ नये आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी बोनेट उघडून बघावं. या तीन गोष्टी झाल्या तरच स्प्रे, टेप आणि यंत्रांचा विचार करण्यात अर्थ आहे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आधी स्प्रे आणतात आणि मागच्या सीटखाली बिस्किटांचा चुरा तसाच राहतो.

कोण शिरतं आणि कुठून येतं

मुंबईत गाडीला त्रास देणारे मुख्यतः तिघे. घरात दिसणारा लांब शेपटीचा काळपट उंदीर चढण्यात तरबेज असतो. पाइप, केबल ट्रे, स्टॅक पार्किंगचे लोखंडी खांब यावरून तो सहज वर जातो, त्यामुळे वरच्या पॅलेटवरची गाडी सुरक्षित असते हा समज सोडून द्यावा. घूस जमिनीत बिळं करते, गटारातून आणि बागेच्या कडेनं येते. अंगानं मोठी असल्यानं ती सहसा इंजिनच्या भागातच राहते, पण तिचे दात जाड रबरी पाइपसुद्धा सोडत नाहीत. तिसरा म्हणजे लहानसा घरउंदीर. नुकसान दिसायला कमी, पण सहा मिलिमीटरहून किंचित मोठ्या फटीतून तो आत जातो आणि केबिनमध्ये घरटं बहुधा त्याचंच निघतं. मोठ्या जातीच्या उंदराच्या पिल्लाला बारा-तेरा मिलिमीटरची फट पुरते. चिचुंद्री मात्र यांत धरू नये. ती किडे खाते, वायरी कुरतडत नाही.

थंड देशांत उंदीर इंजिनच्या उबेसाठी गाडीत येतात असं वाचायला मिळतं. आपल्याकडे उबेपेक्षा आडोसा महत्त्वाचा. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी भरतं आणि सगळी वस्ती कोरड्या जागेच्या शोधात वर सरकते. तेव्हा महिनाभर न हललेली, मांजराला आत शिरता न येणारी गाडी त्यांना आयती सापडते. म्हणून खाली दिलेली कामं मेअखेरपर्यंत उरकावीत. पावसात भिजत काऊल, म्हणजे काचेखालचं काळं प्लॅस्टिक, उघडायची वेळ येऊ देऊ नये.

आधी खुणा वाचा

काम सुरू करण्याआधी गाडीत कुणी राहतंय का ते बघा. आत उंदीर असताना वाटा बंद केल्या तर तो आतच मरतो किंवा बाहेर पडण्यासाठी दुप्पट कुरतडतो.

लेंड्यांवरून ओळख पटते. तीन ते सहा मिलिमीटरच्या, टोकदार लेंड्या घरउंदराच्या. बारा मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकं निमुळती आणि किंचित वाकडी असतील तर चढणारा काळा उंदीर. त्याहून मोठ्या आणि जाड असतील तर जमिनीत बिळं करणारा मोठा उंदीर किंवा घूस. बॅटरीच्या ट्रेवर, इंजिन कव्हरखाली, एअर फिल्टरच्या डब्यात, ग्लव्ह बॉक्सच्या मागे आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यात बघा. बोनेटच्या आतलं कापडी अस्तर फाटलेलं आणि त्याचा कापूस गायब असेल तर घरटं जवळपासच आहे.

शंका असेल तर रांगोळी वापरा. चारही चाकांभोवती आणि मागच्या भिंतीलगत हातभर रुंदीचा पातळ थर पसरा. रंगीत घेऊ नका, पांढरीच घ्या. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की पावलं आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते, कोणत्या चाकावरून चढतात तेही कळतं. तीन रात्री लागोपाठ काही दिसलं नाही तर पुढच्या कामाला लागा.

लेंड्या सापडल्या तर कोरड्या झाडू नका आणि व्हॅक्युमही लावू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईनं त्याची साथ पाहिली आहे. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला, चारही दारं अर्धा तास उघडी ठेवा. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं ताजं द्रावण लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग टिश्यूनं उचलून पिशवीत बांधून टाका. हे द्रावण वायरींच्या जोडांवर आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर मारू नका, ते भाग खराब होतात. तिथे सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं पुरेसं आहे. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना उंदरांच्या घाणीशी संपर्क आल्याचं आवर्जून सांगा.

गाडी रिकामी करा, खरोखर रिकामी

पुढच्या सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून रुळांमधला चुरा व्हॅक्युमनं काढा. मागची सीट उचलता येत असेल तर उचला, लहान मुलांच्या सीटचं कापड काढून धुवा. डॅशबोर्डवरचा देवाजवळचा प्रसाद, साखरफुटाणे, सुका हार, बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची, डिकीत राहिलेला नारळ, हे सगळं बाहेर. टिश्यूचा डबा, जुनी फडकी, टॉवेल आणि पावत्यांचा गठ्ठाही बाहेर, कारण ते खाणं नसलं तरी घरट्याचं सामान आहे.

दमटपणासाठी काही जण तांदळाच्या पुरचुंड्या ठेवतात. ते उंदराला आमंत्रणच आहे. त्याऐवजी सिलिका जेलच्या २५०-२५० ग्रॅमच्या दोन कापडी पिशव्या ठेवा. आणि हवा खेळावी म्हणून काच बोटभर उघडी ठेवायची सवय मोडा. त्या फटीतून घरउंदीर तर येतोच, पावसात सीटवर बुरशीही येते.

जागा

उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, मोकळ्या जागेत यायला बिचकतो. त्यामुळे जागा असेल तर गाडी भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे लावा. कचऱ्याचा डबा, ओल्या कचऱ्याचा खतखड्डा, वेल चढलेली जाळी, मीटर रूम आणि सांडपाण्याचे पाइप यांच्याजवळची जागा टाळा. सोसायटीत जागा ठरलेली असेल तर निदान बाजूचं भंगार, जुनी फळकुटं, मोडक्या सायकली हलवायला लावा. मांजरांना खायला घालणाऱ्यांशी गोडीनं बोला, रात्री उरलेलं अन्न उचललं पाहिजे. मांजरं असल्यानं लहान उंदरांना थोडा धाक बसतो, पण मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर जात नाही आणि ताटलीत उरलेला भात घुशीच खातात.

बिळं दिसली तर ती मातीनं बुजवू नका, रात्रीत उकरली जातात. खडी आणि सिमेंटचा माल आत दीड-दोन फूट ठासा. बिळं बरीच असतील तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या कीटकनाशक विभागाकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. १९१६ वर तक्रार नोंदवता येते.

कव्हर घालायचं असेल तर कापडी घाला आणि त्याच्या कडा जमिनीपासून वीतभर वर बांधा. जमिनीला टेकलेल्या कव्हरखाली उंदराला दिवसासुद्धा अंधार मिळतो.

वाटा बंद करणं

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. पूर्ण दिवस काढा, घाईनं केलेलं काम उपयोगी पडत नाही.

सामान नागदेवी स्ट्रीटवर मिळतं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची वेल्डेड जाळी घ्या, भोक पाच-सहा मिलिमीटरचं, तार २२ गेजची. एका गाडीला दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा भरपूर होतो. साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी स्वस्त पडते, पण समुद्राच्या हवेत कापलेल्या कडांना पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. ॲल्युमिनियमची मच्छरजाळी घेऊ नका, उंदीर ती दातानं फाडतो. सोबत काळे केबल टाय, दोन-तीन मापांच्या होज क्लिपा, पत्रा कापायची कात्री, भांडी घासायच्या स्टीलच्या सहा घासण्या, ऑटोमोटिव्ह सिलिकॉनची एक ट्यूब आणि जाड हातमोजे. काळी लोखंडी वूल घेऊ नका, ती गंजून भुगा होते आणि बॉडीवर डाग पडतात.

पहिली वाट काऊलची. काचेखाली, वायपरच्या बुडाशी जे काळं प्लॅस्टिक असतं त्याच्या झरोक्यातून केबिनला हवा जाते. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्लोअर बहुधा डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, त्यामुळे हवेचं तोंडही डाव्या बाजूला सापडतं. वायपरची जागा काचेवर टेप लावून खूण करून ठेवा, वायपरचे हात काढा, काऊलच्या क्लिपा सोडवा आणि प्लॅस्टिक उचला. जाळी झरोक्याहून चारी बाजूंनी एक इंच मोठी कापा, कडा आत दुमडा आणि काऊलच्या खालच्या अंगानं, झरोक्यांतूनच केबल टाय ओवून घट्ट बांधा. दोन टायमधलं अंतर दोन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधली जाळी उचकटते. बॉडीत भोक पाडून स्क्रू मारू नका, तिथूनच गंज सुरू होतो. ही जाळी कायमची ठेवली तरी चालते, फक्त पावसाळ्यापूर्वी पाला काढत जा. काऊलच्या कडेला पाणी वाहून जाण्याची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. ती बुजली की पावसाचं पाणी थेट ब्लोअरमध्ये येतं. उंदराच्या भीतीनं केलेलं हे नुकसान उंदरानं केलेल्या नुकसानाहून महाग पडतं.

काऊल उघडलंच आहे तर केबिन फिल्टरही काढून बघा. उंदीर त्याचा कागद फाडून त्यावरच घरटं करतो. जुना फिल्टर टाकून द्या, नवा मात्र परत आल्यावर बसवा. गाडी बंद करण्याआधी चावी ऑन करून एसीचं बटण हवा आत फिरवण्यावर, म्हणजे रिसर्क्युलेशनवर ठेवा. त्यानं बाहेरच्या हवेची झडप मिटते आणि बॅटरी काढल्यावरही ती साधारणपणे तशीच राहते.

दुसरी वाट फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याची. कारखान्यातून आलेले रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरींच्या भोकांतली रबरी बुचं, बहुधा ठीक असतात. घोटाळा होतो नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, रिव्हर्स कॅमेरा आणि हॉर्नच्या वायरींसाठी पाडलेल्या भोकांत. वायर बोटाएवढी आणि भोक अंगठ्याएवढं, असं कित्येक गाड्यांत असतं. हे शोधायची सोपी युक्ती म्हणजे रात्री एकानं केबिनमध्ये पायांच्या जागेत डोकं घालून बसायचं आणि दुसऱ्यानं इंजिनच्या बाजूनं, मग गाडीखालून जोरदार टॉर्च फिरवायचा. आत जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे वाट आहे. अशा भोकात वायरभोवती घासणीचा तुकडा ठासा, मग बाहेरून सिलिकॉन भरा. घासणीची तार वायरीच्या प्लॅस्टिकला घासू नये म्हणून आधी वायरीला कापडी टेपचे तीन-चार वेढे द्या. फुगणारा फोम वापरू नका, उंदीर तो सहज कोरतो आणि फोम पाणी धरून ठेवतो.

तिसरी वाट लोकांना माहीतच नसते. दार लावताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून मागच्या बंपरच्या आड, डिकीच्या कोपऱ्यांत झरोके असतात, त्यांवर रबराच्या पातळ पट्ट्या असतात. त्या कुरतडल्या की थेट डिकीत रस्ता. डिकीच्या आतलं बाजूचं अस्तर काढा आणि आतल्या बाजूनं जाळी लावा. हवा जाऊ द्यायची आहे, म्हणून इथे सिलिकॉन नाही.

इंजिनची हवा घेणारं तोंड बहुतेक गाड्यांत पुढच्या ग्रिलमागे, हेडलाइटच्या वर असतं. पाच इंच चौरस जाळी टोपीसारखी वाकवून बाहेरून होज क्लिपनं आवळा. आत काहीही कोंबू नका. चुकून तसंच राहिलं आणि गाडी सुरू झाली तर ते फिल्टरच्या डब्यात ओढलं जातं. सायलेन्सरच्या तोंडात गाडी पूर्ण थंड असताना स्टीलची घासणी अर्धी आत, अर्धी बाहेर बसवा. या दोन्ही ठिकाणी लाल फीत बांधा आणि स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: “पुढची जाळी आणि सायलेन्सरची घासणी काढल्याशिवाय सुरू करू नये.” चावी सोसायटीत किंवा भावाकडे ठेवणार असाल तर हे विसरून चालणार नाही.

सीएनजी गाडीचं थोडं वेगळं. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलेंडरजवळून गाडीखाली उतरणारा गॅस बाहेर सोडणारा पाइप कधीही बुजवू नका, गळती झाली तर गॅस तिथूनच बाहेर पडायचा असतो. जाळीसुद्धा तिथे गॅरेजवाल्याला विचारूनच लावा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या केबलला हात लावायचा नाही, तिथली पाहणी कंपनीच्या सेंटरवरच करून घ्या.

इंजिनचा भाग खालून उघडाच असतो, तो पूर्ण बंद होत नाही. म्हणून तिथे आडोसा कमी करायचा. वरचं प्लॅस्टिकचं इंजिन कव्हर काढून केबिनमध्ये ठेवा, त्याखालची अंधारी जागा घरट्याला सगळ्यात सोयीची असते. गॅरेज कुलूपबंद असेल तर बोनेट टेकूवर उघडं ठेवा. आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बॅटरी वाचते हे खरं, पण कुरतडलेल्या वायरीतून शॉर्ट होऊन आग लागण्याची शक्यता त्यामुळे खूपच कमी होते, हे जास्त मोलाचं. केबल काढल्यावर सेंट्रल लॉक चालत नाही, काही गाड्यांची डिकीही उघडत नाही, म्हणून दार चावीनं उघडतं का ते आधी तपासा. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा, हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावा.

स्वतंत्र गॅरेज असेल तर पत्र्याचं कुंपण

चाकांभोवती पत्रा गुंडाळायचा सल्ला नेहमी ऐकू येतो. घरउंदरासाठी तो काही अंशी चालेल. पण आपल्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, १७०-१८० मिलिमीटर असतो, मोठा उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला की खालच्या भागाला हात लावतो. चाकं झाकून काही साधत नाही.

उपयोगी पडतं ते गाडीभोवतीचं पूर्ण कुंपण. मोठा उंदीर धाव घेऊन जवळपास तीन फूट उंच उडी मारतो, त्यामुळे तीन फुटांपेक्षा कमी उंची नको. चार मीटरच्या गाडीभोवती अर्धा-अर्धा मीटर जागा सोडली तर साधारण पाच मीटर लांब आणि २.७ मीटर रुंद चौकट होते, म्हणजे घेर १५.४ मीटर. आठ फूट बाय तीन फुटांचे २६ गेजचे सात सपाट जीआय पत्रे वीतभर एकमेकांवर चढवून नट-बोल्टनं जोडले की पुरतात. पन्हळी पत्रा नको, त्याच्या खाचांतून चढता येतं. बोल्टचं टोक आतल्या बाजूला ठेवा. खालची फट सहा मिलिमीटरच्या आत हवी, फरशी वरखाली असेल तर कडेला सिमेंटची पट्टी ओढा. बाहेरून काही टेकवू नका, एक उभा झाडू सगळं काम फुकट घालवतो. छताला पाइप किंवा तुळया गाडीच्या बरोबर वर असतील तर काळा उंदीर वरून उतरतो, तिथे हे कुंपण पुरेसं नाही. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये मात्र ते उभारू नका, अग्निशमनाच्या मोकळ्या वाटेत अडथळा होतो.

गॅरेजच्या शटरखाली रबरी पट्टी असेल तर तिला बाहेरून पत्र्याची पट्टी ठोका. नुसतं रबर चार रात्रीही टिकत नाही.

पिंजरे, चाप, आणि विष का नको

सापळे गाडीत नाही, गाडीभोवती लावायचे. भिंतीलगत, चापाचं आमिषाचं टोक भिंतीकडे. एका गाडीच्या जागेला निदान चार लागतात. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस आमिष लावून चाप न ताणताच ठेवा. खायची सवय लागली की एकाच रात्री सगळे ताणा. भाजलेलं खोबरं, सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा कांदाभजी यांना उंदीर लवकर येतो. खोबरं दोऱ्यानं बांधा, नाहीतर ते अलगद पळवलं जातं. मांजर आणि मुलांचे हात लागू नयेत म्हणून चाप चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सरकवा. रोज सकाळी बघणारं कुणी असेल तरच हे करा. बघायला माणूस नसताना ठेवलेल्या पिंजऱ्यात जनावर तहानेनं तडफडून मरतं आणि त्याच्या वासानं दुसरे सावध होतात.

गोंदाचे बोर्ड आम्ही सुचवत नाही. धूळ बसली की ते निकामी होतात आणि चिमण्या, पाली, मांजरीची पिल्लं त्यात अडकतात. भारतीय पशू कल्याण मंडळानंही त्यांच्या विरोधात सूचना दिल्या आहेत.

गाडीजवळ विष ठेवणं सगळ्यात मोठी चूक. ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्क्यांचे केक सर्रास मिळतात. ते खाल्ल्यावर उंदीर चार-पाच दिवसांनी मरतो आणि त्या काळात तो आडोसा शोधतो, म्हणजे तुमच्या डॅशबोर्डमागची किंवा सीटखालची जागा. तिथे कुजलेला उंदीर शोधायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. शिवाय असा उंदीर खाणाऱ्या मांजराला आणि घुबडाला तेच विष बाधतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका, ती पोटात गेली तर यकृत निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून ओलाव्यानं विषारी गॅस सुटतो, बंद गॅरेजात तो माणसाचा जीव घेतो. सोसायटीला विष वापरायचंच असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून कुलूपबंद बॉक्समध्ये, कंपाउंडच्या भिंतीलगत, गाड्यांपासून दूर.

वास, आवाज आणि टेप

डांबराच्या गोळ्या इंजिनजवळ मुंबईच्या उकाड्यात लवकर विरून जातात. केबिनमध्ये ठेवल्या तर वास सीटच्या फोममध्ये मुरतो. जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांना नॅफ्थलिननं रक्ताचा गंभीर त्रास होतो, म्हणून मुलं बसणाऱ्या गाडीत त्या नकोतच. तंबाखूची पानं कोरडी असेपर्यंत थोडा फरक पडतो, दमट हवेत त्यांना बुरशी येते. पेपरमिंट तेल काही दिवसांत उडतं. हे उपाय आठवड्याला नव्यानं करणारा माणूस असेल तर करा, पण तो माणूस असेल तर त्यानं बोनेट उघडून बघणं जास्त फायद्याचं.

इंजिनवर डिझेल किंवा रॉकेल मारायची पद्धत अजून आहे. कृपया करू नका. रबरी पाइप आणि सील फुगतात आणि आगीचा धोका वाढतो.

अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज घन वस्तूच्या पलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते. बॅटरीवर चालणारं असेल तर तुमची बॅटरी ते उतरवतं. मिरचीचं तिखट द्रव्य भरलेली वायरिंग टेप होंडा कंपनी विकते, ती मिळाली तर सेन्सरच्या उघड्या वायरींना गुंडाळायला चांगली. वायरींवर नुसता पन्हळी प्लॅस्टिकचा पाइप चढवून संरक्षण होत नाही, तो उंदीर आरामात फोडतो.

दर आठवड्याची पाहणी

वॉचमन, ड्रायव्हर किंवा भाचा, कुणाला तरी काम नेमून द्या आणि त्याचे पैसे द्या. टॉर्च मारून पाच जागांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा: बॅटरीचा ट्रे, इंजिनचा वरचा भाग, काऊलची कड, चारही चाकांच्या आतल्या सेन्सर वायरी, डिकीचा खळगा. फोटो दर वेळी त्याच कोनातून असले की फरक लगेच दिसतो. सोबत रांगोळीचा थर मोडून नवा घालायचा. सुका पाला, कापूस किंवा एकही ताजी लेंडी दिसली तर त्याच दिवशी साफ करून चाप लावायचे. घरटं पहिल्या आठवड्यात मोडलं तर उंदीर जागा सोडतो, पिल्लं झाल्यावर सहजी सोडत नाही.

कुणी गाडी चालवणारं असेल तर बॅटरी जोडून, लाल फीत बांधलेली जाळी आणि घासणी काढून, दर दहा-पंधरा दिवसांनी अर्धा तास खरोखर रस्त्यावर फिरवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्यानं बॅटरी भरत नाही आणि उंदरालाही काही वाटत नाही.

परत आल्यावर, चावी फिरवण्याआधी

आधी बोनेट उघडा, बॅटरी जोडण्यापूर्वी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापणाऱ्या नळ्यांच्या, आसपास पाला किंवा कापूस असेल तर तो शेवटच्या काडीपर्यंत काढा, गरम झाल्यावर आग तिथेच लागते. पेट्रोलचा पाइप, ब्रेकची होज, रेडिएटरचे पाइप, बेल्ट हाताने चाचपा. एअर फिल्टरचा डबा उघडा. जाळी, घासणी, फिती काढा. केबिनमध्ये बसून नाक लावा. मुताचा उग्र वास आला तर ब्लोअर सुरू करू नका, ग्लव्ह बॉक्स काढून फिल्टरची जागा आधी बघा. ब्लोअर फिरला की घरट्याचा भुगा सगळ्या नळ्यांत उडतो.

मग बॅटरी जोडा, चावी फक्त ऑन करा आणि मीटरवरचे दिवे बघा. एबीएस, एअरबॅग किंवा इंजिनचा दिवा सुरुवातीला पेटून विझायला हवा, इंजिनचा दिवा मात्र गाडी सुरू झाल्यावर विझतो. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर सुरू न करता मेकॅनिकला जागेवर बोलवा.

तुटलेली वायर सापडली तर नुसती टेप मारून भागवू नका. मुंबईच्या खारट दमट हवेत टेपखाली तांबं हिरवं पडतं आणि सहा महिन्यांनी भर पावसात, हायवेवर तोच दोष परत उभा राहतो. वायर निरोगी तांब्यापर्यंत सोला, क्रिंप किंवा सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या वायरींना आणि एबीएस सेन्सरच्या वायरींना घरी जोड देऊ नका, त्या कंपनीचाच भाग घेऊन बदलाव्यात.

विम्याचा दावा करायचा असेल तर काहीही साफ करण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडीचे भाग उतरवू नका. केवळ थर्ड पार्टी विम्यात असं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही उंदरांच्या नुकसानीबद्दल कंपन्यांची भूमिका सारखी नसते, म्हणून गाडी उभी करण्याआधीच ईमेलवर विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवा.